हबवरच्या अक्षता

दादांनी हातोड्याचा पहिला घाव गाडीच्या ब्रेकच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्यावर घातला. दुसराही तिथेच बसला. तिसरा निसटून मडगार्डला लागला आणि रंगाचा तुकडा माझ्या गालावर उडाला. मी चाकाशेजारी उकिडवा बसलो होतो. माझे डोळे मिटले आणि खांदे कानांपर्यंत गेले.

"डोळे मिटून काय पाहून राहिला बे?" दादा म्हणाले. "मेकॅनिकलचा ना तू?"

मी मेकॅनिकलचा होतो हे खरं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मास्टर्ससाठी आयर्लंडला आलो आणि दोन महिन्यांत सगळं बंद झालं. माझ्याबरोबर राहणारे परत गेले. दादा आणि वहिनी माझे नात्याने कोणी नव्हते. दादा नागपूरचे, सॉफ्टवेअरमध्ये. वहिनी पुण्याच्या, हॉस्पिटलात नर्स. सिटीवेस्ट नावाच्या उपनगरातल्या त्यांच्या भाड्याच्या घरातली सर्वांत लहान खोली त्यांनी मला राहायला दिली. त्यांनी तसं केलं नसतं तर मी कुठे गेलो असतो, ते मला आजही सांगता येत नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात दादा वाईट दिसतील, आणि मी त्यांच्याहून वाईट.

दादांची गाडी बारा वर्षांची, छोटी, चार बोल्टच्या चाकांची. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून बघून त्यांनी ठरवलं की त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे हब हिला बसवायचे. हब म्हणजे ज्या लोखंडी चकतीवर आधी ब्रेकची डिस्क आणि मग चाक चढतं, ती. नवे हब पाच बोल्टचे, त्यावर मोठी डिस्क, मोठा ब्रेक. जुन्या गाड्या तोडणाऱ्या एका माणसाच्या यार्डातून दादांनी सगळं आणलं आणि दोन शनिवार-रविवार आम्ही घरासमोरच्या फरशीवर ते बसवलं. मला त्यातलं फारसं येत नव्हतं. माझा अभ्यास कॉम्प्युटरवरचा. पण आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कराडजवळ हायवेवर ट्रक-टेम्पोचं गॅरेज आहे हे मी एकदा बोलून गेलो होतो. त्यामुळे दादा धरून चालले की मला सगळं येतं. नाही म्हणायला मला जमलं नाही.

काम पूर्ण झालं आणि आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून खर्र, मग थोडी शांतता, मग पुन्हा खर्र. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. ऐंशीच्या वर गाडी गेली की स्टिअरिंग हातात थरथरायचं, आणि तेव्हा ब्रेक लावला तर हिसके द्यायचं.

ही गाडी चालवायच्या वहिनी. दादा घरूनच काम करत. वहिनींची ड्युटी सकाळी साडेसातला सुरू व्हायची आणि त्या सहा वाजून दहा मिनिटांनी निघायच्या, मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या मधून. आठवडाभर त्या म्हणत होत्या, "माझं मनगट दुखतंय रे धरून धरून. कुणीतरी नीट बघा."

दादा बघत होते ते असं. पत्रा घासत असेल म्हणून पत्रा ठोकून वाकवला. चाकाच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे म्हणून मध्ये प्लास्टिकच्या रिंगा घातल्या. त्यातली एक तुटली तेव्हा त्यांनी पाना फेकला आणि तो माझ्या डोक्यावरून जाऊन कुंपणात घुसला. त्यांच्या टीममधून माणसं कमी करत होते, हे मला वहिनींनी हळूच सांगितलं होतं. मीटिंग संपली की दादा बाहेर यायचे आणि गाडीला मारायचे. एकदा लाथेने दार आत गेलं. एकदा मी पान्याला लावायचा सॉकेट चुकीच्या मापाचा दिला तर माझी मान धरून माझं तोंड सॉकेटच्या डब्यापर्यंत नेलं. "वाच. किती लिहिलंय? वाच." मी वाचलं. एकोणीस.

अशा वेळी मी आतून दहा वर्षांचा होतो. आबांच्या गॅरेजमध्ये एका गिअरबॉक्सचा वॉशर माझ्या हातून हरवला होता. आबांनी भिंतीवरचा फॅनबेल्ट काढला. मी फटके मोजले नाहीत, पण गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन बसलं होतं, त्याचा चहा पिऊन होईपर्यंत ते चाललं. वॉशर आबांच्याच चपलेखाली निघाला. तेव्हापासून चूक झाली तर मी पहिलं काम करतो ते म्हणजे गप्प बसणं.

बुधवारी वहिनींना सुट्टी होती, गाडी घरीच होती. दुपारी दादा मीटिंगमध्ये असताना मी चाक काढलं आणि आबांना फोन लावला.

"तार हाय का?" आबा म्हणाले. "साधी तार. चाकामागच्या उभ्या दांड्याला बांध आनि टोक डिस्कच्या अगदी जवळ आन. टेकवू नको. आता डिस्क हातानं फिरव. काय दिसतंय?"

मी फिरवली. टोक आणि डिस्क यांच्यामध्ये केसभर फट होती. अर्ध्या फेऱ्यानंतर फट संपली, टोक घासलं, मग पुन्हा फट आली.

"एका जागी घासतंय, आबा."

"मग डिस्क तिरकी फिरतीय. तितं खडूची खूण कर. आता डिस्क काढ, एक भोक पुढं सरकव, परत लाव. खूण डिस्कबरोबर सरकली तर डिस्क वाकडी. जागच्या जागी ऱ्हायली तर हब वाकडा. न्हाईतर मदी घाण अडकलीय. कळलं का?"

फोन ठेवला. डिस्क दोन बोटं पुढे ओढली आणि मधल्या फटीत मला लाल रंग दिसला.

तो मीच लावलेला होता. चाकं बसवली तो दसऱ्याचा दिवस. सकाळी व्हिडिओवर आबांनी गॅरेज दाखवलं होतं. पाने, जॅक, उघडा पडलेला एका टेम्पोचा इंजिन-ब्लॉक, सगळ्यावर झेंडू आणि अक्षता. "तुज्या हातातल्या कामाची पूजा केलीस का?" त्यांनी विचारलं. त्यांनी माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलेलं मला आठवत नव्हतं. वहिनींनी देवासमोर ताट ठेवलं होतं. दादा जेवायला आत गेले तेव्हा मी ताट बाहेर आणलं आणि दोन्ही पुढच्या हबना, घासून चकचकीत केलेल्या त्या तोंडांना, ओलं हळद-कुंकू लावून अक्षता चिकटवल्या. मग दादा आले, म्हणाले, चल, डिस्क चढव. हब पुसावा असं मनात आलं होतं. पण नुकती पूजा झालेली, त्याच दिवशी फडक्याने पुसायची हे मला बरं वाटलं नाही. वाटलं, तांदळाचे चार दाणे, बोल्ट आवळले की त्यांचं पीठ होईल.

पीठ झालंच होतं. पण ओल्या कुंकवात कालवून, दाबून, ब्रेकच्या उष्णतेने भाजून त्याचा दगड झाला होता. त्या दगडावर डिस्क तिरकी बसली होती.

ब्रेक क्लीनरचा डबा माझ्या हाताशी होता. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात दार आपटलं आणि दादा बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी डिस्क तळहाताने मागे ढकलली.

"सापडलं काही?"

"नाही."

"हब सरळ आहे ना?"

"हो. ठीक वाटतंय सगळं."

मी ठरवलं होतं, उद्या ते मीटिंगला बसले की पुसून टाकीन. कुणाला कळणारही नाही. दादांनी चाक चढवलं आणि एकेक बोल्ट पाना पायाने दाबून आवळला.

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्याआधी वहिनी गाडी नेणार हे मी विसरलो होतो असं मला लिहायला आवडेल. पण मी जागा होतो. खिडकीतून वहिनींना हाक मारता आली असती. वळणावर त्यांनी ब्रेक लावला, तो खर्र आवाजही मी ऐकला आणि पांघरूण वर ओढलं.

पावणेसातला दादांचा फोन वाजला. मोठ्या रस्त्यावरून उतरताना पुढचा ट्रक थांबला, वहिनींनी जोरात ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगने हातातून हिसका मारला. गाडी लोखंडी कठड्याला घासत गेली. आम्ही टॅक्सीने पोचलो तेव्हा वहिनी कठड्यावर बसल्या होत्या. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, ओठ दातांखाली येऊन फुटलेला. गाडीची डावी बाजू दारापासून मागच्या दिव्यापर्यंत फाटली होती. पोलिसांचा एक तरुण शिपाई गाडीचा तुटलेला आरसा हातात घेऊन उभा होता. तो आरसा त्याने माझ्याकडे दिला, जणू तो माझाच होता.

वहिनींना आधी हॉस्पिटलात दाखवलं. मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. घरी आल्यावर दादांनी ओढून आणलेल्या गाडीतून हातोडा काढला.

"हब वाकडा दिला त्या हरामखोरानं. त्याचं डोकंच फोडतो आज." ते यार्डवाल्याकडे चालत निघाले होते. हातोडा तसाच हातात, फाटकापर्यंत पोचलेही. तो माणूस पन्नाशीचा, आमच्याशी नीट वागलेला, आणि दादा त्या क्षणी सांगत होते ते करणार यात मला शंका नव्हती.

"दादा, हब सरळ आहे," मी म्हणालो. ते थांबले नाहीत म्हणून पुन्हा म्हणालो. "हबवर मी अक्षता लावल्या होत्या. दसऱ्याला. त्या मध्ये अडकल्यात. मला काल दिसलं होतं."

"काल?"

"हो."

"काल दिसलं, आणि तू तिला जाऊ दिलं?"

हातोडा त्यांनी खाली टाकला. ते माझ्यावर उपकारच झाले. पहिली थप्पड कानावर बसली. मग शर्ट धरून त्यांनी मला बॉनेटवर आपटलं, आणि मुठीने नाकावर मारलं. नाकात काहीतरी कुडकन वाजलं. मी हात वर केले नाहीत. मला वाटत होतं, हे बरोबर चाललंय. लहानपणीसारखं मी मनात कोपरा शोधत होतो आणि मार थांबायची वाट बघत होतो.

काच फुटल्याचा आवाज झाला. वहिनींनी डाव्या हाताने चाकाचा पाना उचलून हेडलाइटवर घातला होता.

"आता मी मारू?" त्या म्हणाल्या. त्यांचा ओठ पुन्हा उघडला होता. "माझा एक हात शिल्लक आहे अजून. कोणाला आधी?"

दादांनी माझा शर्ट सोडला.

"तू," वहिनी त्यांना म्हणाल्या, "तुझ्या भीतीने त्याने सांगितलं नाही. मीसुद्धा काल कितीतरी गोष्टी सांगितल्या नाहीत तुला. आणि तू," त्या माझ्याकडे वळल्या, "तू मला ओळखत होतास ना? की मी पण मारते असं वाटलं तुला?"

त्या आत गेल्या. दादा फाटकापाशी पाठ करून उभे राहिले.

मी डिस्क काढली. लाल पापुद्रा नखाने निघेना, स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. नाकातलं रक्त हबवर पडत होतं, तेही पुसलं. दुसऱ्या बाजूचाही हब पुसला. तार बांधली, फिरवली. फट सगळीकडे सारखी. दादा मागून येऊन बघत होते. त्यांनी बोल्ट माझ्या हातात एकेक दिले.

संध्याकाळी आबांना सांगितलं.

"आरं, पुसायचं असतं त्ये," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलनं सगळं पुसून मगच जोडतो."

"मला कधी दाखवलं नाहीत."

"तू कवा थांबायचास गॅरेजात?"

"तुम्ही मारायचात म्हणून नाही थांबलो."

पलीकडे एका ट्रकचा हॉर्न वाजला.

"त्यानं मारलं का तुला?" आबांनी विचारलं.

"हो."

"लई?"

"तुमच्याइतकं नाही."

त्यांनी फोन आईकडे दिला.

मनगट बरं व्हायला तीन आठवडे लागले. तोवर वहिनी एका सहकारी नर्सच्या गाडीतून जायच्या. दादांनी नवा हेडलाइट बसवला. गाडीला हात लावण्याआधी ते माझ्याकडे बघायचे, आणि आवाज चढला की स्वतःच आत निघून जायचे. कधी कधी जायचे नाहीत.

एका रविवारी वहिनींनी किल्ली घेतली. दादा म्हणाले, "मी चालवून पाहतो आधी."

"नको. तो बसेल माझ्या शेजारी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता दार उघडलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "मागच्या चाकांनाही लावल्या होत्यास?"

"नाही."

"का?"

"दादा जेवून आले लवकर."

त्या हसल्या नाहीत. "अजून काही आहे जे मला माहीत नाही?"

मी आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं. "डावीकडचा तिसरा बोल्ट मी दोनदा आवळलाय. पहिल्यांदा पुरेसा आवळलाय की नाही खात्री नव्हती."

"हे असं सांगायचं," वहिनी म्हणाल्या.

काटा शंभरवर गेला. मागे कोणी नव्हतं. कठड्याला जिथे आमच्या गाडीचा निळा रंग लागला होता ती जागा आली आणि त्यांनी ब्रेक दाबला, जोरात. मी डोळे मिटले, खांदे वर गेले.

"उघड," त्या म्हणाल्या. "बघ."

त्यांनी दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगवरून उचलून धरली होती, तळवे तेवढे टेकलेले. स्टिअरिंग हलत नव्हतं. गाडी सरळ थांबत गेली. मी ते बघत राहिलो, पूर्ण थांबेपर्यंत.