सूट ट्रॅक्टरला, उताराला नाही

मी तिसरी पास. चौथीत बैलांमागे गेलो तो परत शाळेत आलोच नाही. त्यामुळे कायद्याचं मला कोणीही उठून सांगावं, असं माझ्या पोराला वाटतं. पण शेतीच्या ट्रॅक्टरला मालट्रकासारखी वारंवार तपासणी लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे, आणि मी त्याला वाईट म्हणत नाही. कुरखेड्याकडच्या आमच्या गावातून ऐन धानाच्या रोवणीत ट्रॅक्टर गडचिरोलीला नेऊन रांगेत उभा करणं कोणाला जमेल? सूट बरोबर आहे. माझं भांडण वेगळं होतं.

चिखलणी करताना ट्रॅक्टर जागच्या जागी वळवावा लागतो. म्हणून त्याच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे दाबता येतात. रस्त्यावर आलं की दोन्ही ब्रेक एका लोखंडी पट्टीने जोडून टाकायचे. नाहीतर एकच चाक अडतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. आमची पट्टी चिखलात कुठेतरी तुटून पडली होती. आदल्या संध्याकाळी पोराने दारासमोर ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर सरळ शेजाऱ्याच्या काट्यांच्या कुंपणात शिरला. शेजारी हसला, पोरगाही हसला. मी नाही हसलो.

सकाळी रोवणीच्या बाया आल्या आणि ट्रॉलीत चढून बसल्या. माझी सूनही त्यांच्यातच. ट्रॉली माणसं न्यायला नसते म्हणतात, पण आमच्याकडे बाया रोवणीला अशाच जातात. शेत नाल्यापलीकडे. नाल्याचा उतार असा की रिकामी बैलबंडीसुद्धा बैलांना पुढे ढकलते. धानाची रोपं कालच उपटून ठेवली होती. आज लावली नाहीत तर पिवळी पडणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी मी ट्रॅक्टरची चाबी काढली आणि धोतराच्या कनवटीला लावली.

"बाबा, चाबी द्या," पोरगा म्हणाला.

"पट्टी आण."

"मी दोन्ही ब्रेक संगच दाबतो ना!"

"काल काऊन नाई दाबले?"

ट्रॉलीतल्या बाया खो-खो हसल्या. पोराचं तोंड उतरलं, मग चढलं. "शेतीच्या ट्रॅक्टरले तपासणी नाई लागत. सरकारनं सूट देल्ली हाये."

"सरकारनं देल्ली. नाल्याच्या उतारानं देल्ली का?"

बायांची मुकादम माझ्याच वयाची. ती फळीवरून वाकून म्हणाली, "भाऊ, या वयात आरटीओत नोकरी लागली का तुमाले?"

"लागली. पगार नाई, काम लय हाये."

तेवढ्यात वरच्या मोहल्ल्यातला एक जण त्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्याकडेही रोवणीच होती. "इथी बसून काय करता? चला आमच्या बांधीत," म्हणाला. निम्म्याच्या वर बाया उतरून त्याच्या ट्रॉलीत गेल्या. पोरगा माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याचं घरच विकलं. मी चाबी दिली नाही. मुकादम, सून आणि मोजक्या बाया राहिल्या. त्यांना घेऊन पायी निघालो. मी पुढे.

दुसऱ्या ट्रॉलीतल्या बाया गाणी म्हणत गेल्या आणि गाणी म्हणत परत आल्या. कोणाला खरचटलंही नाही. आमची मात्र अर्धी बांधी रोवायची राहिली. रोपांच्या उरलेल्या पेंड्या पाण्यात उभ्या केल्या, तरी शेंडे पिवळे पडलेच. संध्याकाळी पानठेल्यावर मला चारचौघांनी घेरलं.

"काय झालं बुढा? त्या ट्रॉलीतून कोणी पडलं का?"

"नाई पडलं. मंग आमची पट्टी उगवली का?"

ते हसले. हसू दे. मी तिथेच बसून अख्खं पान खाल्लं आणि मगच उठलो.

पोराने त्या रात्री माझ्याशी बोलणं टाकलं. पण सकाळी कुरखेड्याला गेला, पट्टी आणली, बसवली आणि ट्रॅक्टर दारात आणून उभा केला. दोन्ही ब्रेक एकदम खाली जाताना मला दाखवले.

"घ्या. करा पास."

"उतारावर पाहीन."

"मंग बसा तुमीच ट्रॉलीत!"

बसलो. बाया नाल्याच्या वर रस्त्याकडेला उभ्या राहून तमाशा पाहत होत्या. सून ओरडली, "मामाजी, घट्ट धरा!" उताराच्या मध्यावर पोराने रागाने असा ब्रेक मारला की मी पुढच्या फळीवर जाऊन आदळलो. कोपराची साल निघाली. पण ट्रॅक्टर नाकासमोर सरळ थांबला आणि ट्रॉली जराही तिरपी झाली नाही.

पोरगा वळला. "लागलं का?"

"सरळ थांबला. बसव बायाले."

"मंग तुमी उतरा. बायाले जागा पाह्यजे."

"मी काऊन उतरू? म्याच पास केली गाडी," म्हणालो, आणि पुढच्या फळीला पाठ लावून आणखी पाय पसरले.