बेटावर नेलेले हाली रुपये

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, त्याची माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लाज वाटते.

ह्यांच्या डोळ्यांत पडदा आला होता. म्हणून पाटोद्याहून बैलगाडीनं नगर आणि तिथून आगगाडीनं मुंबई, असे आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरनं चार दिवसांनी बोलावलं. हे म्हणाले, "एवढं आलोय तर दर्या बघू. तू बघ अन् मला सांग."

ह्यांना नाणं ओळखू येत नव्हतं, म्हणून पैसे माझ्याकडे असत. लाल पिशवीत इंग्रजांचे कलदार रुपये, हिरवीत आपले निजामाचे हाली, घरच्या वाटेसाठी. हाली रुपया मुंबईत कुणी घेत नाही, हे नगरलाच कळलं होतं.

दर्यातल्या बेटावरची लेणी बघायला आम्ही होडीत बसलो. होडी बंदरातून बरीच आत गेल्यावर मी कमरेची पिशवी चाचपली. हिरवी होती. पहाटे धर्मशाळेच्या अंधारात चुकून तीच खोचली होती, लाल तिथंच राहिली. जातानाचं भाडं ह्यांनी खिशातल्या आण्यांतून दिलं, तेवढ्यावर खिसा रिकामा झाला. परतीचं बेटावरून निघताना द्यायचं होतं. होडीत सगळे परके पुरुष. माझं तोंड उघडेना.

"काय दिसतंय?" ह्यांनी विचारलं.

"जहाजं."

"केवढी?"

"गावच्या गढीएवढी."

"मग कावून गप झालीस? भ्यालीस व्हय?"

"न्हाई."

बेटावर झाडी इतकी दाट की ऊन खाली उतरत नव्हतं. आमच्याकडचं रान म्हणजे बोरी-बाभळी, माणूस कोसावरून दिसतो. इथं चार पावलांपुढचं दिसेना. वानरं वाटेवर बसून आमच्या हातांकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, इथं साप फार, दिवस कलला की परकं माणूस थांबत नाही. लेण्यातल्या दगडी मूर्तीच्या पायावर ह्यांनी हात ठेवला. "लई गार हाय. तोंड कसं हाय, सांग." मी वर पाहिलं ते काहीच आठवत नाही. डोक्यात नुसतं परतीचं भाडं.

निघताना होडीवाल्यानं रुपया उलटापालटा केला. "हा निजामाचा. इथं चालत नाय."

"आमच्या मुलखात चालतो," हे म्हणाले.

"मग मुलखात जा पोहत!" होडीतली माणसं हसली. "भाडं नाय तर होडी नाय."

मी ह्यांच्या कानाशी सगळं सांगितलं.

"सकाळीच कळलं व्हतं तुला?"

"व्हय."

 ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. होडीवाले दोर सोडायला लागले होते.

तेवढ्यात रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण होडीतून म्हणाली, "कशाला रडतेस गो बाय? चढ वर." तिनं होडीवाल्याला आमच्या भाड्याचे बारा आणे मोजून दिले. "उद्या सकाळी मासळी बाजारात आणून दे. न्हायतर मी काय तुझ्या निजामाकडं मागाया येऊ?"

दुसऱ्या दिवशी लाल पिशवी मुठीत धरून गेलो. शंभर पाट्या, शंभर कोळणी. नाव विचारलं नव्हतं. ह्यांना दिसत नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या, ती सापडेना. ती आपल्याला चोर म्हणेल. मग लांबून पाठ दिसली, उठून निघालेली.

"अवो बाई! बेटावरच्या बाई!"

जन्मात एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. हेही दचकले. ती वळली. मी कलदार रुपया दिला. तिनं कनवटीचे चार आणे मोजून माझ्या हातावर ठेवले.

"फिटले गो तुझे," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.