कोपऱ्यावरच्या नळापर्यंत

सून गूळ फोडते, तो वास आला की मले भरवेलीची खाण-मजुरांची वस्ती दिसते.

खाणीत माझा पाय मोडलता. प्लास्टर निघालं, पण पाय टेकवाची हिंमत होत नव्हती. चाललो नाही तर काम जाणार होतं. एका सकाळी भिंत धरून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गेलो. वापस येतो तर बायको घरोघरी गूळ वाटून राह्यली होती, लेकरानं पहिलं पाऊल टाकल्यावर वाटतात तसा.

"कायले वाटतं वो? लोकं हासतील ना!"

"हासू द्या."

शेजारची वहिनी ओरडली, "भाऊजी, उद्या चिंचेपर्यंत जा! एवढ्याशानं तोंड बी गोड नाही झालं."

लय राग आला. आता वाटते, त्या रागानंच पाय हलला. दुसऱ्या दिवशी चिंचेच्याही पुढं गेलो अन् घरी येऊन बायकोले म्हटलं, "गूळ काढ."