एकवीस खोल्यांची लोकसभा

रेणुकादास कंधारकर सरांचा विषय इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला असायचा. बाकीचे शिक्षक तो परीक्षेच्या तोंडावर दोन तासांत उरकत. सर मात्र जूनमध्येच पुस्तक मागच्या बाजूनं उघडत. किनवटच्या बाहेर, सागाच्या रानाला लागून असलेल्या मुलींच्या निवासी शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं राज्यघटना शिकवली. कुणी ‘लोकसभेचे सभापती’ म्हटलं की त्यांना ठसका लागायचा. “सभापती राज्यसभेला असतात, बाळ. लोकसभेला अध्यक्ष.”

माणूस देवभोळा, मवाळ आणि निर्णय घ्यायला अगदी निकामी. नांदेडच्या कॉलेजात असताना एकदा ते वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला उभे राहिले होते. समोरच्या उमेदवाराचं भाषण ऐकून त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी स्वतःचं मतही त्यालाच दिलं. लग्न ठरलं तेव्हाही “मुलगी पसंत आहे का” या प्रश्नावर ते चार दिवस विचार करत बसले. शेवटी प्रमोदिनीबाईंनीच निरोप पाठवला की मुलगा पसंत आहे, आता थांबू नका. त्या नांदेडला सरकारी कचेरीत होत्या. सर शनिवारच्या गाडीनं घरी जात, सोमवारी परत येत, आणि जाताना कोणता शर्ट न्यायचा ते प्रमोदिनीबाई फोनवर सांगत.

चोवीस सालच्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला आणि दिल्लीत कुणालाच एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं नाही. शाळा उघडल्यावर नववीच्या पुनमनं वर्गात विचारलं, “सर, कुणीच पास झालं न्हाई तर मग सरकार कुणाचं?”

सर खडू हातात घेऊन उभेच राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी आपण होऊन प्रश्न विचारला होता. त्या आनंदात त्यांनी जाहीर करून टाकलं की यंदाचं शालेय मंत्रिमंडळ हात वर करून नेमायचं नाही, रीतसर संसद भरवायची. वसतिगृहाच्या एकवीस खोल्या म्हणजे एकवीस मतदारसंघ. ज्या पक्षाचे अकरा खासदार, त्याचा पंतप्रधान.

पुनमनं निवांत पक्ष काढला. निशाणी उशी, मागणी एकच, पहाटे पाचची घंटा सहाला वाजवा. दहावीच्या श्रद्धानं नियमित पक्ष काढला. निशाणी बादली, कारण गरम पाण्यासाठी रांग लावणं हा तिच्या जिवाचा विषय होता. एकवीस नंबरच्या खोलीतून पाचवीतली सिंधु अपक्ष उभी राहिली, म्हणजे खोलीतल्या बाकीच्यांनी तिला पुढं ढकललं. ती निशाणी म्हणून चिमणी काढायला गेली, निघालं वांगं. मग वांगंच राहिलं.

मतदान झालं. बोटाला शाईऐवजी मेंदी लावली, त्यामुळे पोरींनी दुसऱ्यांदा मत द्यायचा लई प्रयत्न केला, मतासाठी नव्हे, मेंदीसाठी. डालड्याच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. उशी दहा, बादली दहा, वांगं एक.

“त्रिशंकू,” सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मुख्याध्यापकांनी लांबूनच विचारलं, “काय हो, प्रमोशन झालं का?”

त्या दुपारपासून सिंधुचे दिवस पालटले. दोन वेण्यांची, हळू आवाजाची पोरगी, तोवर तिला कुणी ‘ए’ म्हणूनही हाक मारत नव्हतं. आता निवांत पक्षानं तिला खिडकीजवळचा पलंग दिला. नियमित पक्षानं गरम पाण्याची पहिली बादली दिली. पुनमनं चिंचेच्या गोळ्या दिल्या, श्रद्धानं गणिताचा गृहपाठ करून दिला. सिंधुनं सगळं घेतलं. नाही म्हणायचं कुणी तिला शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून दिसेना. पुनमचे दहाच्या दहा खासदार शाळाभर हिंडले. शेवटी स्वयंपाकघराच्या कोठारात सापडली. श्रद्धाच्या लोकांनी तिला तिथं लपवून ठेवलं होतं आणि राखणीला बसवल्या होत्या स्वयंपाकीणबाई तुळजाबाई. गेल्या वीस वर्षांत त्यांच्या परवानगीशिवाय कोठारात उंदीरसुद्धा शिरला नव्हता.

“तुळजामावशी, आमची खासदार सोडा,” पुनम म्हणाली.

“खासदार बिसदार मला ठाऊक न्हाई,” तुळजाबाई म्हणाल्या. “पोरगी मटकी निवडून राहिली. ती झाल्याबिगर सोडणार न्हाई. तुम्ही पण बसा, दहाजणी आहात, पोतं उघडते.”

निवांत पक्ष तिथून तडक माघारी फिरला.

सरांनी मग तिघींना बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. सिंधु सरकारात सामील होऊ शकते, किंवा बाहेरून पाठिंबा देऊ शकते, तिची मर्जी. फक्त पाठिंब्याचं पत्र लेखी पाहिजे. संध्याकाळी सरांच्या टेबलावर दोन पत्रं आली. एक पुनमला पाठिंब्याचं, एक श्रद्धाला. दोन्हीवर सिंधुची सही, आणि दोन्ही सह्यांखाली एकेक वांगं. पुनमकडे अकरा, श्रद्धाकडे अकरा, सभागृहात खासदार एकवीस.

सरांनी लगेच नांदेडला फोन लावला.

“विश्वासदर्शक ठराव घ्यावा लागणार,” ते म्हणाले. “मीच अध्यक्ष राहीन. राष्ट्रपती तर आहेच मी. आणि निवडणूक आयोगही.”

“सगळं तुम्हीच,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “मग निर्णय कोण घेणार आहे?”

सरांना ते टोचलं, पण कुठं टोचलं ते कळलं नाही.

गुरुवारी दुपारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये सभागृह भरलं. एका बाजूला उशीवाल्या, एका बाजूला बादलीवाल्या. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पुनमच्या सरकारवर विश्वास आहे का म्हणून विचारलं आणि मोजायला सुरुवात केली. इकडे दहा. तिकडे दहा. सिंधुचा पत्ता नाही.

“एकवीस नंबर कुठं आहे?”

“इथं हाय सर,” आवाज खिडकीतून आला. सिंधु बाहेर, गजांना धरून उभी होती.

“अगं, आत ये.”

“न्हाई सर. तुम्हीच म्हणले ना, बाहेरून देता येतो.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण बहुतेकींना ते बरोबरच वाटलं. सरांनी घाम पुसला. “बरं, मग कुणाला देतेस पाठिंबा?”

“दोघींना बी,” सिंधु म्हणाली. “दोघी बी चांगल्या हायत.”

सभागृहाबाहेर दिलेलं मत धरता येत नाही, हे सरांना तोंडपाठ होतं. त्यांनी तसं जाहीर केलं. म्हणजे दहा-दहा.

तेव्हा श्रद्धा उठली. ती दहावीची, तिचं पुस्तक पुरतं वाचून झालेलं. “सर, समसमान झालं की अध्यक्षांनी निर्णायक मत द्यायचं असतं. तुम्हीच शिकवलं.”

सरांनीच शिकवलं होतं. दरवर्षी, दोनदा. वीस पोरी त्यांच्याकडे बघत होत्या आणि एक खिडकीतून. त्यांनी पुनमकडे पाहिलं. सहाची घंटा त्यांना स्वतःला मनापासून हवी होती. श्रद्धाकडे पाहिलं. रांग नसल्यामुळं गरम पाणी त्यांनाही मिळत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, “सभागृह पंधरा मिनिटं तहकूब.”

ते व्हरांड्यात गेले आणि येरझारा घालायला लागले. बोटांवर काहीतरी मोजत होते, मधेच थांबून मान हलवत होते, एकदा तर खांबालाच “माननीय सदस्य” म्हणाले. पंधराची पंचवीस मिनिटं झाली.

पुनम आणि श्रद्धा दारातून बघत होत्या.

“सरांची तब्येत बिघडन गं,” पुनम म्हणाली.

“माणूस पार बेजार झालाय,” श्रद्धा म्हणाली. “बिचाऱ्यांना सोडवू या का?”

“घंटा साडेपाचला?”

“चालेल. पण बादलीला रांग.”

“रांगेत मी बसून राहीन. उभी राहणार न्हाई.”

“बस.”

वहीच्या मागच्या पानावर किमान समान कार्यक्रम लिहून झाला. दिवाळीपर्यंत पंतप्रधान पुनम, दिवाळीनंतर श्रद्धा. दोघी कागद घेऊन व्हरांड्यात गेल्या. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. वीस खासदारांचं सरकार. देशात बहुमतासाठी ओढाताण चाललेली असताना त्यांच्या शाळेत एक सोडून सगळे सत्तेत होते, आणि ते का झालं हे त्यांच्या एकट्याच्याच ध्यानात आलं नव्हतं. “परिपक्व लोकशाही,” एवढंच ते म्हणाले.

उरली सिंधु. ती आत येऊन एकटीच समोरच्या बाकावर बसली. खिडकीजवळचा पलंग गेला, पहिली बादली गेली. तिनं हात वर केला.

“सर, मग मी कोण?”

विरोधी पक्षनेत्याच्या मान्यतेला एक दशांश सदस्य लागतात. एकवीसचे एक दशांश म्हणजे दोन पूर्णांक एक. सिंधु एक होती, तीही लहानखुरी. सरांना हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी ते लगेच बोलले, “तू विरोधी पक्षनेता.” बोलून झाल्यावर आपण निर्णय घेतला हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. काही झालं नाही.

पुढच्या शनिवारी पहिला प्रश्नोत्तराचा तास भरला. सिंधुनं एकच प्रश्न आणला होता, चिठ्ठीवर लिहून. आठवड्यात चार वेळा उपमा का? पंतप्रधानांनी आहारमंत्र्यांकडे पाहिलं. आहारमंत्र्यांनी सांगितलं की याची माहिती खात्याकडून घ्यावी लागेल. मग खात्यालाच बोलावणं गेलं. तुळजाबाई झारा हातात घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“काय विचारायचं ते विचारा. चुलीवर दूध हाय.”

वीस मंत्री आणि खासदार जमिनीकडे बघायला लागले. सिंधुनं चिठ्ठी वाचून दाखवली, अगदी हळू.

तुळजाबाईंनी तिच्याकडे बघितलं. “तुला काय पाहिजे?”

“सुशीला, मावशी. चुरमुऱ्याचा.”

“मग कोठारात बसली व्हती तवा सांगायचं ना,” तुळजाबाई म्हणाल्या. “मंगळवारी करते.” आणि सरकारकडे वळून म्हणाल्या, “तुमची उलथापालथ चालू द्या. मला कुणी निवडून दिलेलं न्हाई, त्यामुळं मी पडत न्हाई.”

त्या निघून गेल्या. सरांनी घाईघाईनं फळ्यावर लिहिलं, ‘कायमस्वरूपी प्रशासन’, आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग दुपारची गाडी गाठायची म्हणून सभागृह उठवलं, आणि त्या दिवशी कोणता शर्ट न्यायचा हे नांदेडला न विचारताच ते स्टेशनाकडे निघाले.