दिव्यावरचं कुंकू

काष्टीपासून थोड्या अंतरावरच्या साखर कारखान्यात सहादेवला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली बावीस गाडीतळावर, बैलगाड्यांना टोकन देण्यात गेली. गुडघा कामातून गेला तेव्हा त्याला सर्व्हरच्या खोलीवर बसवलं. तिथंही त्याची शिस्त तीच. चपला बाहेर, सकाळी कोरडं फडकं, दर दोन तासांनी खोलीचं तापमान वहीत. उसाचा वजनकाटा या सर्व्हरच्या यंत्रावर चालतो, एवढं त्याला माहीत होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी पुण्याहून प्रज्ञाचा फोन आला. सर्व्हरच्या कंपनीतर्फे ती तिथं बसून या यंत्रावर नजर ठेवायची.

"काका, यंत्राच्या मागे दोन पॉवर सप्लाय आहेत. त्यातला एक मेलाय. दुसरा एकटाच भार ओढतोय आणि त्याचाही पंखा आता अडखळतोय. काल नवा पाठवलाय, पोचला ना?"

"व्हय, खोक्यात हाय."

"मग मेलेला ओढून काढा आणि नवा सरकवा. यंत्र चालूच राहू द्या. फक्त चुकून जिवंत असलेला ओढू नका, सगळंच बंद पडेल."

सगळं म्हणजे काय, ते खिडकीतून दिसत होतं. दीडशे गाड्या उन्हात उभ्या होत्या. हाताने पावती फाडायची पद्धत कधीच मोडीत निघाली होती. यंत्र एकदा पडलं की उठायला तास-दीड तास. तोवर काटा बंद, ऊस गाळायला टाकायची गव्हाण रिकामी आणि तोडलेला ऊस वाळून हलका होणार. आणि ठपका बसणार सहादेववर.

संगणक विभागाचे प्रमुख अंगदराव दारात येऊन उभे राहिले. "उरका, सहादेव! काट्यावरून फोन यायला लागलेत."

"ताई, दोनी सारखेच दिसत्यात. कुठला वढू?"

"मला इथून पंख्याचा वेग दिसतो, आतली उष्णता दिसते. हात तेवढा पोचत नाही, तो तुमचाच. दिवे बघा. जिवंत असलेला हिरवा, मेलेला पिवळा."

सहादेव गुडघा सावरत वाकला. "दोनी लाल हायेत."

"लाल? त्यात लाल दिवा नसतोच, काका."

सहादेवला आठवलं. खंडेनवमीला त्याने यंत्राची पूजा केली होती. तेलात कालवलेलं कुंकू त्याने बोटाने नेमकं त्या दोन दिव्यांवर टेकवलं होतं, डोळ्यांसारखे दिसले म्हणून. काट्याला तो बावीस वर्षं असंच लावत आला होता. काट्याने कधी तक्रार केली नव्हती.

"डावा असंल, ओढा!" अंगदराव म्हणाले.

सहादेवचा हात डाव्या मुठीवर गेला. ओढलं आणि बरोबर निघालं, तर कुंकवाचं कुणालाच कळणार नव्हतं.

"काका, उष्णता वाढतेय. बोला काहीतरी."

त्याने हात मागे घेतला. "ताई, चूक माझी हाय. दिव्यांवर कुंकू लावलंय म्या. खंडेनवमीचं."

अंगदरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, हळदही लावली असती म्हणजे यंत्राचं लग्नच लागलं असतं!"

"पुसा, काका," प्रज्ञा म्हणाली. "पाणी नको, कोरडंच. जपून."

तीन महिन्यांचं कुंकू खपली धरून बसलं होतं. त्याने नखाने हलकेच खरवडलं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलं. आधी उजवा दिवा उघडा पडला. पिवळा. मग डावा. हिरवा. मघाशी हात होता तो याच्याच मुठीवर.

उजव्याची खिट्टी दाबून त्याने भाग ओढून काढला. यंत्राची घरघर तशीच चालू होती. नवा आत सरकवला, कट् असा आवाज झाला, दिवा हिरवा झाला.

"आला! दिसला मला," प्रज्ञा म्हणाली. "आता डाव्याचाही नवा पाठवते. मेलेला तेवढा परत पाठवा."

खिडकीबाहेर काट्यावरच्या भोंग्याने पुढच्या गाडीचा नंबर पुकारला. सहादेव मेलेल्या भागावरचं उरलंसुरलं कुंकू पुसायला लागला.

"पुसून धाडतो, ताई."

"नको, तसाच पाठवा. नाहीतर इथं कुणाला खरं वाटणार नाही."

"आन् पुढच्या खंडेनवमीला?"

"खोलीच्या दाराला लावा, काका. हवं तेवढं."