चिकटवलेली पाकिटं

साहेब मागच्या बाकावर बसले होते आणि माझ्या हातात दहावी ‘ब’ची फोडलेली पाकिटं होती.

नव्वदच्या दशकाअखेर मी वसईच्या एका हायस्कुलात शिकवायचो. मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे होता. म्हणजे परीक्षा नसलेला तास. आठवीत मुलांना विचारलं होतं, अभिमान कशाचा, लाज कशाची? दहावीत तेच पुन्हा. दोन वर्षांत आपण किती बदललो, ते ज्याचं त्यानं पाहायचं. दोन्ही उत्तरं ज्याच्या त्याच्या चिकटवलेल्या पाकिटात होती; कोणी वाचणार नाही, असा शब्द मी दिला होता.

“उद्या इन्स्पेक्शन आहे. मुलांतला बदल साहेबांना दिसू दे,” हेडसर म्हणाले.

“सर, ते गुप्त आहे.”

“मग नावं घेऊ नका. झालं!”

त्या दुपारी रिकाम्या स्टाफरूममध्ये मी पाकिटं फोडली. खाडीवरून वारा येत होता, कागद हलत होते आणि मुलं माझ्यासमोर सावकाश मोठी होत होती. आठवीत ‘खोटं बोलू नये’ लिहिणारा आता ‘मित्रासाठी बोलावं’ म्हणत होता. ‘मुलींनी मोठ्यानं हसू नये’ लिहिणारीनं आता लिहिलं होतं, ‘का नाही?’ मी हरवून वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातलं एक वाचलं. आठवीत : ‘मासे विकून आई गेटवर माझ्यासाठी भजी आणते. सगळ्यांनी तिला बघावं.’ दहावीत : ‘आईनं गेटवर येऊ नये. वास येतो.’

नाव घेतलं नाही. पण गेटवर टोपली घेऊन येणारी आई एकच होती. सगळ्या माना रोझीकडे वळल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

रोझी शाळेत यायची थांबली. आठवड्यानं तिची आई गेटवर आली. आत येईना.

“मास्तर, पोर परीक्षेला बसनार नाय म्हनते.”

“मावशी, चूक माझी आहे.”

“ती लाजते ते मला वर्षभर ठाऊक होतं. म्हनून तर भजी शिपायाकडं देऊन मी निघून जायची. पन मला ठाऊक हाय, हे तिला ठाऊक नव्हतं. आता झालं.”

मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. रोझी दाराआडून म्हणाली, “परीक्षा देईन, सर. तुमच्या तासाला बसणार नाही.”

तिनं शब्द पाळला. पासही झाली.

साहेबांचा शेरा आला : ‘मूल्ये उत्तम रुजली आहेत.’ त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत मुलांनी मला फक्त बरोबर उत्तरं लिहून दिली.