तोफेच्या मागे उभा राहिलेला हिरो

लढाईचा इंग्रजी सिनेमा म्हटला की मी भरल्या ताटावरून उठेन. मूळचा असो नाहीतर हिंदीत डब केलेला, पडद्यावर हेलिकॉप्टरं घुमायला लागली की माझ्या अंगावर काटा येतो. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, तरी येतो. माझा नाइलाज आहे. मी एका खऱ्या सैनिकाच्या घरात वाढले आणि त्याने लढाईबद्दल माझ्यापाशी अवाक्षर काढलं नाही. मग मी काय करणार? शाळेत मैत्रिणींना सिनेमातलंच सांगायचे. माझ्या वडिलांनी पन्नास जण लोळवले, असा आकडाही मी परस्पर ठरवून टाकला होता.

वडील म्हणजे आमचे नाना. मूळचे सिन्नरकडचे, तोफखान्यात हवालदार. डोंगरातल्या लढाईत तोफेवर होते आणि डावा कान तिथेच गेला, एवढंच घरात माहीत. निवृत्तीनंतर देवळालीजवळ घर बांधलं. "नाना, सांगा ना, काय काय झालं तिकडं?" असं मी कितीदा विचारलं असेल! "काय सांगायचं? गोळे भरले," एवढंच उत्तर. टीव्हीवर लढाई सुरू झाली की थोडा वेळ बघायचे आणि उठून अंगणात जायचे. मला वाटायचं, त्यांना ते सोसवत नाही.

मागच्या रविवारी मी मोठ्या पडद्यावर असाच एक सिनेमा बघायला नाशिकला निघाले, तर नाना इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"तोफा हायत का त्यात?"

"आहेत की!"

"चल मग."

मला आभाळ ठेंगणं झालं. रिक्षात मी नुसती बडबडत होते. आज नाना बोलणार, आज मला सगळं कळणार, हे मी मनात पक्कं केलं होतं.

पहिला अर्धा तास हिरोने एकट्याने आख्खं वाळवंट पालथं घातलं. त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या काही संपेनात आणि शत्रूची एक गोळी त्याला लागेना. मग तोफ आली. हिरोने एका हाताने गोळा उचलला, नळीत कोंबला आणि तोफेच्या थेट मागे पाय रोवून उभा राहिला. नाना खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे, मागं कोण उभं राहतं! बाजूला हो!"

लगेच दोन्ही कानांवर हात दाबून माझ्यावर ओरडले, "तोंड उघड!"

मी उघडलं. खरं सांगते, पुढच्या रांगेतल्या दोन कॉलेजच्या मुलींनीही उघडलं. तोफ धडाडली, नळी जागची हलली नाही, आणि हिरो पुढच्याच क्षणी हिरॉइनच्या कानात काहीतरी कुजबुजला.

"ह्याला ऐकू कसं येतंय?" नानांनी विचारलं आणि आजूबाजूच्या सगळ्या रांगा हसल्या.

मध्यंतरात त्या दोघी आपणहून आल्या. "काका, तोंड का उघडायचं?"

"कानाचा पडदा वाचतो. माझं एकदा राहून गेलं," नाना म्हणाले, आणि मग सुटलेच! पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर त्यांनी आम्हाला उभं केलं. एकीची सॅक झाली गोळा. दुसरीला नळीच्या जागी उभं केलं. मी गोळा भरणारी. "एका हातात गोळा? सिमेंटची गोणी उचल म्हणावं एका हातानं! सात-आठ माणसं लागतात एका तोफेवर. नळीनं मागं झटका दिला ना, की मागच्याचा भुगा. हा हिरो पहिल्याच गोळ्याला गेला असता!" भोवती घोळका जमला. मी तर नाचायचीच बाकी होते.

"आणि शत्रू केवढ्या अंतरावर दिसायचा?" एकीने विचारलं.

"दिसत नाय. मधी डोंगर. आमचा एक साहेब पुढच्या टेकाडावरून बघायचा, वायरलेसवर आकडे सांगायचा. थोडं डावीकडं, थोडं पुढं. तो 'बरोबर' म्हणला की झालं."

उत्तरार्धात हिरोचा गोळा शत्रूच्या ठाण्यावर पडला. धूळ, आगीचा लोळ, हवेत उडालेली चार माणसं. थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नाना मात्र मान पुढे काढून बघत होते. पडद्यावर हिरो मोटारसायकलवर बसला तरी ते तसेच.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

"पुढं काय? मेले ना शत्रू."

"ते दाखवलंच नाय."

सिनेमा सुटल्यावर पायऱ्या उतरताना मला राहवेना. "नाना, मी शाळेत पन्नास सांगायचे. खरं किती मारले तुम्ही?"

ते कठड्याला धरून थांबले.

"मलाबी माहीत नाय, पोरी. साहेब 'बरोबर' म्हणला की आम्ही गूळ वाटून खायचो. पण आपला गोळा कुठं पडला, तिथं कोण होतं, ते कधी बघितलंच नाय. टीव्हीवर नुसता धूर दिसतो, म्हणून उठून जातो मी. म्हटलं, इथं पडदा एवढा मोठा हाय, तर दिसंल."